चोराला परत केलेले पैसे

"पैसे गेले तर गेले! चोर सापडला नाही तरी चालेल! पण माझ्या मुलाला फोन केलात, तर मी या खुर्चीवरून उठणार नाही, सांगून ठेवते!"

वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, राहणार बसवनगुडी. आमच्या सायबर पोलीस ठाण्यात त्या बाई अशा गरजल्या की बाहेर बसची वाट पाहणारी माणसं रिक्षा करून निघून गेली. आत बसलेला एक सराईत आरोपी तर न विचारता कबुलीजबाब द्यायला लागला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी दरोडेखोरांच्या शिव्या खाल्ल्या, साहेबांच्याही खाल्ल्या. पण तो आवाज अजून कानातून गेलेला नाही.

बाई कानडीत ओरडत होत्या. माझ्या तोंडून सवयीने घरची मराठी निघाली. "अक्का, आधी पाणी तरी प्या."

त्या थबकल्या. "आपल्यातला आहेस होय? मग तर मुळीच फोन करायचा नाही. उद्या सगळ्या समाजात होईल."

पाणी पोटात गेल्यावर हकीकत बाहेर आली. यजमान गेल्यापासून बाई एकट्या राहत. घरी इडलीचं पीठ वाटून विकत. गुडघे दुखायला लागले तेव्हा मोठा वेट ग्राइंडर काढून टाकायचं ठरलं. शेजारणीने मोबाइलवर जाहिरात टाकून दिली, किंमत साडेचार हजार. तासाभरात गिऱ्हाईक हजर. फोनवर अतिशय गोड माणूस. आधी पैसे पाठवतो, मग टेम्पो पाठवतो, म्हणाला. लगेच मेसेज आला : खात्यात पंचेचाळीस हजार जमा. पाठोपाठ त्याचा रडका फोन. "आंटी, एक शून्य जास्त पडलं! आईच्या ऑपरेशनचे पैसे आहेत!"

आणि अक्कांनी स्वतःच्या खात्यातून साडेचाळीस हजार त्याला पाठवून दिले. दहा मिनिटांच्या आत. वर त्याची माफीही मागितली, म्हणे पाठवायला उशीर झाला! त्यानंतर टेम्पो काही आला नाही आणि त्याचा फोन बंद.

"मेसेज नीट पाहिलात?" मी विचारलं.

"तीनदा वाचला. चष्मा लावून."

"आणि स्वतःचं खातं? त्यात पैसे खरंच जमा झालेत का ते?"

"त्याचे पैसे त्याला द्यायचे, तर माझं खातं कशाला बघायचं?"

मी टेबलावर डोकं टेकलं. तो मेसेज बँकेचा नव्हताच. साध्या मोबाइल नंबरावरून आलेलं चार ओळींचं लिखाण होतं ते. मेसेज कोणीही पाठवतो; पैसे खात्यात दिसले तरच आले. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या वेळा बोललो की झोपेतही बोलतो, असं बायको सांगते.

"हे कधी झालं?"

"सकाळी नऊला."

घड्याळात दीड वाजला होता! अशा गुन्ह्यात पहिला तास सोन्याचा. ताबडतोब कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येतात. साडेचार तासांत चोर जेवून झोपूनही उठतो.

"इतका वेळ काय करत होतात, अक्का?"

त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "विचार करत होते. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला असतो, मोठ्या कंपनीत. त्याने बजावून ठेवलंय, पैशांची एकदा जरी गडबड झाली तर एटीएम कार्ड माझ्याकडे आणि तू माझ्या घरी, अकराव्या मजल्यावर. तिथे मी काय करू रे? लिफ्टने वर जाऊन खाली बघत बसू?"

आमच्या रायटरने फिर्याद लिहून घेतली. पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवायला बँकेला कळवलं. खातं निघालं के. आर. पुरमच्या एका अंड्यांच्या ठोक व्यापाऱ्याचं. दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात हजर, आणि तोही ओरडत! तो आठवडाच तसा होता.

"साहेब, मी अंडी विकतो! माझं खातं का बंद केलंत? गाड्या उभ्या आहेत माझ्या!"

त्याला बसवला, चहा दिला, तेव्हा कळलं. एक तरुण गिऱ्हाईक आलं होतं. एटीएम चालत नाही, मावशी तुमच्या खात्यावर पैसे टाकते, तेवढी रोख मला द्या, म्हणालं. हजार रुपये कमिशन. व्यापाऱ्याने गल्ल्यातून रोख मोजून दिली.

"ओळखीचा होता?"

"नाही. पण शुक्रवारी परत येणार आहे. मावशी आणखी पाठवणार आहे म्हणाला."

घ्या! खबर स्वतःच्या पायांनी चालत आली होती. शुक्रवारी मी साध्या वेशात दोन शिपाई दुकानात उभे केले. एक गल्ल्यामागे, एक अंड्यांच्या ट्रेमागे. तीन तास कोणी आलं नाही. ट्रेमागच्या शिपायाला लोक भाव विचारायला लागले, आणि त्या पठ्ठ्याने बाराशे अंडी विकली. व्यापारी त्याला पगार विचारू लागला, तेवढ्यात आमचं गिऱ्हाईक आलं आणि अलगद सापडलं.

पंचविशीचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट. खिशात तीन मोबाइल. खोलीची झडती घेतली, पंचनामा केला, गादीखाली चौतीस हजार मिळाले. चौकशीत त्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मी विचारलं, "रोज शेकडो माणसं जुन्या वस्तू विकायला काढतात. त्यातून तू नेमकी माणसं निवडतोस कशी?"

"सोपं आहे, सर. आधी विचारतो, वस्तूत काही दोष आहे का? बहुतेक लोक म्हणतात, एकदम नवीन आहे, शोरूमसारखी. त्यांना सोडून देतो. या आंटींनी स्वतःहून तीन दोष सांगितले. दगड स्वल्प झिजलाय, वायर बदललीय, सुरू होताना आवाज करतो. म्हटलं, ही बाई पैसे नक्की परत करणार."

चोरावर मी पुष्कळदा चिडलो आहे. त्या दिवशी मात्र त्याला तसाच बसवून ठेवला. उठून बाहेर गेलो आणि कारण नसताना ड्रायव्हरवर खेकसलो.

कोर्टाच्या आदेशाने सापडलेले पैसे अक्कांच्या हाती पडायला दोन महिने लागले. पैसे घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना समोर बसवून पढवलं. वस्तू विकताना आपल्या बँकेच्या ॲपमध्ये पैसे दिसल्याशिवाय ती दारातून हलवायची नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार. जास्तीचे आले म्हणून कोणी रडला, तर त्याला त्याच्या बँकेकडे पाठवायचं, आपण पाठवायचे नाहीत. आणि ओळख नसेल तर सरळ रोख घ्यायची, माल आणि पैसे समोरासमोर.

"सरी, सरी, बरं," अक्का मान हलवत होत्या.

"आणि मुलाला सांगा."

मान हलायची थांबली.

मी सोडलं नाही. कारण या प्रकरणाने मला शिकवलं ते पिन आणि मेसेजच्या पलीकडचं होतं. ठाण्यात येणारी दहातली आठ माणसं उशिरा येतात, आणि चोराच्या भीतीने नाही, घरच्यांच्या भीतीने. म्हातारी माणसं मुलांना भितात, नवरे बायकोला भितात. तो सोन्याचा तास लाजेत जातो आणि तेवढ्यावर चोरांचा सगळा धंदा चालतो. कुलूप मोडायचीही गरज पडत नाही त्यांना. हे मी अक्कांना सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्या पिशवी उचलून निघून गेल्या.

आठवड्याने मीच फोन केला. "सांगितलंत का मुलाला?"

"सांगितलं."

"मग? हेब्बाळला चला म्हणाला?"

"नाही. त्याचे गेल्या वर्षी असेच दोन लाख गेलेत. आईला कळू देऊ नकोस, असं बायकोला सांगून ठेवलं होतं."