कडू चव जिभेवर येईपर्यंत

माझं संशोधन रसायनशास्त्रातलं. दोन द्रव्यं एकत्र आली की मधल्या मध्ये काय काय घडतं ते डोळ्यांना दिसत नाही. लागलेल्या वेळेवरून अंदाज बांधायचा. १९६०नंतरच्या त्या वर्षांत सांगलीतले एक डॉक्टर रक्ताभिसरणावर तसंच काम करत होते. कोपराच्या शिरेत कडू औषध टोचायचं. ते रक्ताबरोबर हृदयातून, फुफ्फुसांतून फिरून जिभेशी पोचलं की तोंड कडू होतं. त्याला किती वेळ लागला यावरून हृदयाची ताकद जोखायची. घड्याळ धरायला ते मला बोलवत.

त्यांना धडधाकट माणसं हवी होती. माझे वडील, आप्पा, फौजेतून निवृत्त होऊन उंब्रजला ऊस करत होते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांनाच बोलावून घेतलं.

"कडू लागलं की हात वर करा," एवढं सांगून डॉक्टरांनी सुई टोचली. बाकीचे लोक तोंड वाकडं करून लगेच हात वर करत. आप्पा मात्र ताठ बसून राहिले, हात मांडीवर. काटा पुढे सरकत होता. शेवटी त्यांनी हात उचलला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. मला बाहेर नेऊन ते म्हणाले, इतका उशीर म्हणजे हृदय थकलंय असंच धरावं लागेल. आईला आता काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

मी आत आले तर आप्पा पाणी मागत होते. सुई निघते न निघते तोच तोंड कडूजहर झालं होतं म्हणे. मग हात का नाही वर केला, म्हणून मी जवळजवळ खेकसलेच.

"पोरी, हात वर करायचा म्हंजे शरण जायाचं. फौजंत कवा केला न्हाई, आन औषधापायी करू व्हय? शेवटी तुमची तोंडं बघवंनात, म्हणून केला."

डॉक्टरांना हसू आवरेना. थोडा वेळ जाऊ देऊन त्यांनी दुसऱ्या हातात पुन्हा टोचलं. या खेपेला हात हलवायचा नाही, फौजेत हजेरीला द्यायचात तसा आवाज द्या, असं बजावलं. मी घड्याळ धरलं खरं, पण माझंच काळीज असं धडधडत होतं की काटा धड दिसेना.

"हाजिर, साब!"

खिडकीतलं कबूतर उडालं. वेळ अगदी तरण्या माणसाची आली होती. मी आप्पांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. ते बिचारे कडू तोंडानं विचारत होते, "आता काय चुकलं गं?"