हळद लागलेला नवरदेव फ्रँकफर्टच्या स्टेशनवर

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि टाकायचंच झालं तर अंगावर लोखंड पाहिजे. लोखंड म्हणजे कट्यार, आणि कट्यारीच्या टोकाला खुपसलेलं लिंबू. नजर, बाहेरचं, जे काही येईल ते त्या लिंबावर जातं म्हणे. लहानपणी कराडकडे लग्नसराईत असे पिवळेधमक नवरदेव कट्यार मिरवत पानाच्या टपरीवर उभे असलेले मी पाहिलेत, आणि मैत्रिणींबरोबर त्यांना पोट धरून हसलेही आहे. ती कट्यार एक दिवस माझ्या फ्रँकफर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गच्या घरात येऊन पडेल असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

आईने आणली ती. विचारलं नाही, सांगितलं नाही. पैठणीच्या घडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली आणि थेट जर्मनीत. बॅग उघडली तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं आई, हे काय आणलंस?"

"देवघरातली आहे. तुझ्या बाबांच्या लग्नात हीच होती," आई म्हणाली, आणि लाडवांचा डबा शोधायला लागली. विषय संपला. ऑफिसात माझ्यापुढे भलेभले गप्प बसतात, पण आमच्या मातोश्रींपुढे मी कधीच हात टेकलेत.

लग्न माझ्या धाकट्या भावाचं. तो आखनला पीएचडी करतो, मुलगी त्याच्याच इन्स्टिट्यूटमधली, नागपूरची. दोघांनाही भारतात जाण्याएवढी सुट्टी मिळेना, म्हणून फ्रँकफर्टमध्ये हॉल घेतला आणि इथेच उरकायचं ठरवलं. शुक्रवारी माझ्या घरी हळद झाली. सोफा, पडदे, बाथरूमच्या फरश्या, सगळं पिवळं. भाऊ तर इतका पिवळा झाला की दुसऱ्या दिवशी दोनदा आंघोळ करूनही तो हळदीच्या पोत्यातून निघाल्यासारखाच दिसत होता.

शनिवारी सकाळी टेलरचा फोन आला. शेरवानीच्या बाह्या लहान केल्यात, पण नवरदेवाने येऊन घालून बघायला हवी. टेलर फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनाजवळ, दुपारी बंद होणारा. गाडी नवऱ्याकडे, आणि नवरा विमानतळावर पाहुणे उतरवून घ्यायला. म्हणजे एस-बानने, इथल्या लोकलने जायचं.

"जायचं तर जा," आई म्हणाली, "पण कट्यार घेऊन."

"आई, स्टेशनच्या भागात चाकूबंदी आहे," मी म्हटलं. "भाजीचा चाकू सापडला तरी काढून घेतात. चाकूहल्ल्यांच्या बातम्यांनी इथे लोक धास्तावलेत. पोलीस कुणालाही थांबवून खिसे बघतात."

"तो काय कुणाला मारायला निघालाय? स्वतःच्या रक्षणासाठी आहे ती."

"चाकू घेऊन फिरणारा प्रत्येक जण हेच सांगतो."

"प्रत्येकाला हळद लागलेली असते का?"

भाऊ मध्ये पडला. तिशी ओलांडली, पण आईचा आवाज चढला की त्याची अजून गाळण उडते. "ताई, जाऊ दे ना. जॅकेटच्या आत खोचतो. तासाभराचा तर प्रश्न आहे. तिचं समाधान." माझी पंधरा वर्षांची लेक बुटांच्या नाड्या बांधत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते फक्त जर्मन. "मामा, दास इस्ट फरबोटन," ती म्हणाली, म्हणजे याला बंदी आहे. मामाने तिची वेणी ओढली आणि आम्ही तिघं निघालो. आईने दारात परत एकदा जॅकेटची चेन उघडून लिंबू नीट बसलंय ना ते पाहिलं.

स्टेशनवर उतरलो, वर मोठ्या हॉलमध्ये आलो, आणि एवढ्या गर्दीत पोलिसांनी नेमकं आमच्या ध्यानाला थांबवलं. थांबवणारच. तोंड पिवळं, तळवे पिवळे, उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बंद केलेलं जॅकेट, आणि चालणं असं की कुणी ओळखेल याने काहीतरी लपवलंय. मुंडावळ्या तेवढ्या बाकी होत्या. दोन पोलीस होते. एक माझ्या वयाची बाई आणि एक तरणा पोरगा, दाढी अजून नीट न आलेला. पोराने अगदी सभ्यपणे विचारलं, आपल्याकडे काही धारदार वस्तू आहे का?

"जा, गेनाऊ," भाऊ हसून म्हणाला, म्हणजे हो, आहे ना. "मोमेंट." आणि त्याने चेन खाली करून जॅकेटच्या आत हात घातला.

तो दाखवणार होता. एवढंच. आपल्याकडे पोलिसाने अडवलं की माणूस आपसूक खिशात हात घालतो. लायसन्स काढ, गाडीचे कागद काढ, साहेबाच्या पुढे धर. जितक्या लवकर काढून दाखवशील तितका तू सरळ माणूस. आमच्या बाबांनी आम्हाला हेच शिकवलं होतं. माझा भाऊ आयुष्यात कुणाशी खोटं बोललेला नाही, आणि त्या दिवशी त्याचा हा सरळपणाच त्याच्या जिवावर उठला.

पोरगा मागे सरकला. एक पाऊल की दोन, मला आठवत नाही. पण त्याच्या हातात पिस्तूल आलं ते मला दिसलंच नाही, ते एकदम होतंच तिथे, भावाच्या छातीसमोर. दोघंही पोलीस ओरडायला लागले. हात! हात! एवढंच मला कळलं. आजूबाजूची माणसं कुठे गेली कोण जाणे, आमच्याभोवती सगळं मोकळं झालं. भाऊ जागच्या जागी गोठला होता, आणि त्याचा हात आतच होता. मूठ कट्यारीवर आवळलेली असणार हे मला बाहेरून कळत होतं. पाच वर्षं जो जर्मनमध्ये काम करतो, जर्मनमध्ये भांडतो, त्याला त्या क्षणी जर्मनचा एक शब्द कळत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी काय करावं ते त्याला सांगेन म्हणून बघत होता.

आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. मी, जी घरात दारात बोलून बोलून सगळ्यांना जेरीस आणते, ती तिथे खांबासारखी उभी. 

"मामा, सोड ते! सोड! रिकामा हात बाहेर काढ!"

मराठीत. माझी लेक मराठीत ओरडत होती. आजी फोनवर विनवण्या करायची, मी आमिषं दाखवायचे, तरी जिने घरात कधी मराठीत पाणी मागितलं नाही, ती.

हात बाहेर आला. हळूहळू, बोटं फाकलेली, रिकामा, पिवळा. मग त्याला खाली पाडलं, पाठीवर गुडघा दिला, हात मागे बांधले. त्याचा गाल फरशीवर दाबलेला होता आणि तो "सॉरी, सॉरी" म्हणत होता. बाईने हातमोजा घालून त्याच्या जॅकेटमधून कट्यार काढली. टोकाला लिंबू तसंच होतं. तिने ते लिंबू बराच वेळ न्याहाळलं, मग माझ्याकडे पाहिलं.

स्टेशनातल्याच पोलिसांच्या खोलीत मला ते सगळं समजावून सांगावं लागलं. हळद, नजर, लोखंड, लिंबू. करविषयक पत्रव्यवहार मी जर्मनमध्ये झोपेत करते, पण हे सांगताना घाम फुटला. आल्झो, म्हणजे ‘तर’, असं म्हणायचे आणि अडायचे. आल्झो, आणि परत अडायचे. बाई शांतपणे ऐकत होती. वाईट नजर म्हणजे काय ते तिला लगेच कळलं, तिच्या आजीचाही त्यावर विश्वास होता म्हणाली. रूढी म्हणून सुरी बाळगायला कायद्यात थोडी सूट आहे, बव्हेरियात पुरुष सणाला चामड्याच्या चड्डीत सुरी खोचतात, तेही तिने सांगितलं. पण बंदी असलेल्या स्टेशनात, जॅकेटच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी? ती मान हलवत राहिली. कट्यार जप्त झाली, पुढचं सरकारी वकील ठरवणार होते. भावाला जायला सांगितलं. (ते प्रकरण पुढे मिटलं. कट्यार काही परत आली नाही.)

भाऊ आणि लेक बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्यासाठी पाणी घ्यायला गेले, तर तो पोरगा पोलीस पाणी-कॉफीच्या यंत्रापाशी उभा. त्याच्या हातात कॉफीचा कागदी कप होता. त्याने मला ओळखलं. मला वाटलं माफी मागेल. मला तशी अपेक्षा होती, खोटं का बोलू.

"त्याच्या हातात पातं दिसलं असतं ना," तो म्हणाला, "तर मी गोळी झाडली असती. आम्हाला तसंच शिकवतात. एवढ्या जवळून दुसरं काही करायला वेळच नसतो." मग त्याने विचारलं, "लग्न उद्या आहे ना?"

मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याला पाणी द्यावंसंही वाटत होतं. त्याचं वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. भावाला नाही, नवऱ्यालाही नाही.

घरी आलो तर आईने भावाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. कट्यार अंगावर होती म्हणून वाचला."

माझा तोल गेला. "कट्यार होती म्हणून मरत होता, आई! मरत होता!"

"काहीतरीच बोलू नकोस शुभकार्यात. पोलीस असं थोडंच मारतो कुणाला? धाक दाखवायला बंदूक काढली असेल. आपल्याकडे काठी उगारतात तशी."

तेवढ्यात लेक जर्मनमध्ये म्हणाली की त्या पोलिसाने सगळं बरोबरच केलं. पुन्हा जर्मन सुरू झालं होतं. आई म्हणते कट्यार बरोबर, लेक म्हणते पिस्तूल बरोबर, आणि मी दोघींच्या मध्ये उभी. ज्याचा जीव जाणार होता तो मात्र मुकाट वरणभात खात होता. जेवून झाल्यावर म्हणाला, "शेरवानी राहिलीच की गं, ताई." टेलरला गयावया करून ती नवऱ्याने आणली.

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात माझा सुरा शोधत होती. नवरदेवाच्या हातात काहीतरी हवं ना! मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "आई, नको." बस. आईला नको म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. आईनेही हट्ट केला नाही, पण तिचं तोंड एवढंसं झालं.

लग्न छान लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माळा घातल्या. नवरी सुरेख दिसत होती. मग गुरुजींनी मंगळसूत्र मागितलं. परक्या हॉलमध्ये धांदलीत हरवायला नको म्हणून आईने ते डबीत घालून भावाच्या शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं.

भावाने हात छातीपर्यंत नेला. आणि हात तिथेच थांबला. वरच्या बटणापाशी.

"मंगळसूत्र," गुरुजी परत म्हणाले. भाऊ हसला. हात काही आत जाईना. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो समोर बसलेल्या लोकांकडे एकेक करून बघत होता. नवरीला त्याने फोनवर सगळं सांगितलेलं असावं, कारण तिने त्याला काही विचारलं नाही. तिने सरळ आपला मेंदीचा हात त्याच्या शेरवानीच्या आत घातला, डबी काढली आणि त्याच्या दुसऱ्या तळहातावर ठेवली. हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आत्तापासूनच खिसे तपासायला लागली!"

आईही हसली. मग तिचं हसू थांबलं. ती भावाच्या बटणापाशी थांबलेल्या हाताकडे बघत होती, तो अजून वरच होता, बोटं फाकलेली. तिने माझा दंड धरला. सनईच्या रेकॉर्डमध्ये मला ऐकू येईना म्हणून मी खाली वाकले.

"काल त्या पोराच्या बंदुकीत," तिने विचारलं, "गोळी होती का गं?"

"होती, आई."

तिने दंड सोडला नाही. सप्तपदी संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.