ओमाच्या आधी काय आहे?

मैसूरच्या नजरबादेतल्या श्रीनिवासरावांच्या शिकवणीत फळा पुसायचं काम त्यांच्या बायकोकडे, नर्मदाबाईंकडे होतं. वीसबावीस वर्षांत त्यांनी तो वाचल्याशिवाय एकदाही पुसला नाही. श्रीनिवासरावांना याचा पत्ता नव्हता. नवऱ्यांना बऱ्याच गोष्टींचा पत्ता नसतो, त्यातली ही एक.

श्रीनिवासराव हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. संध्याकाळी सहा ते आठ घरच्या पुढच्या खोलीत चटईवर मुलंमुली बसत. कुणाला मेडिकलला जायचं असे, कुणाला बँकेत. रावांची पद्धत न्यारी होती. इंग्रजी शब्द पाठ करायचा नाही, फोडायचा. "हे शब्द आपल्यासारखेच आहेत रे," ते सांगत. "आपले खापरपणजोबा घोड्यावर बसून मैसूरला आले, आता आपण कन्नडात भांडतो. म्हणून मूळ गाव सुटलं का? या शब्दांचं मूळ गाव ग्रीस, नाहीतर रोम. गाव कळलं की शब्द कळला." त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला ते चटईवर उभं करीत. शेपूट बघून जनावर ठरवायचं नाही. लांबलचक शब्द दिसला की आधी शेपटावर हात ठेवायचा आणि डोक्याकडून सुरुवात करायची.

नर्मदाबाई कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. छप्पन साली लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "मी पण मागं बसू का हो?" राव मनाचे वाईट नव्हते. ते हसून म्हणाले, "तू इथं बसलीस तर भात कोण उतरवणार?" मुलं हसली. नर्मदाबाईही हसल्या. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

पण कानाला कोण दाराबाहेर ठेवणार? स्वयंपाकघर पुढच्या खोलीला लागून. इकडे पोळी लाटता लाटता तिकडचं सगळं ऐकू येई. मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकातून आईनंही इंग्रजी अक्षरं उचलली. मग स्वयंपाकघरातल्या एकेका वस्तूला त्यांनी मनातल्या मनात दुसरं नाव ठेवलं. पाण्याचा हंडा हायड्रो. दुधाचं पातेलं लॅक्टो. चूल पायरो, आणि पुढे गॅस आला तरी तोही पायरोच. एकदा कुणा पोराला 'लिपो' काही केल्या लक्षात राहीना, तेव्हा राव वैतागून म्हणाले होते, "अरे, लिपो म्हणजे चरबी. आमच्या घरचा तुपाचा डबा!" त्या दिवसापासून तुपाचा डबा लिपो झाला. दुपारी राव शाळेत गेले की नर्मदाबाई हात कोरडे करून त्यांची जाडजूड डिक्शनरी खाली काढीत, आदल्या दिवशीचे फळ्यावरचे शब्द शोधीत आणि पुस्तक होतं तसं फळीवर ठेवीत. चोरी म्हणावी तर चोरी होती. पण त्या वेळेसारखं सुख त्यांना दिवसभरात दुसरं नव्हतं.

शहाऐंशी साली त्यांच्या डाव्या दंडात गाठ आली. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी सुईनं त्यातलं थोडं काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट मंगळवारी मिळायचा होता, पण डॉक्टर स्वतः भाचीच्या लग्नाला हुबळीला गेले होते, ते सोमवारी येणार होते. मंगळवारी शाळा सुटल्यावर राव रिपोर्ट आणायला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

"आला का हो?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"नाही की. सोमवारी डॉक्टर आले की बघू. तू सुम्मने, उगाच, डोक्याला ताप करून घेऊ नको."

बुधवारी सकाळी रावांनी हंडा भरला. तीस वर्षांत त्यांनी हंडा कुठे असतो हेसुद्धा पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते मोगऱ्याची माळ घेऊन आले. गुरुवारी सांबारात मीठ जास्त पडलं, तर गपचूप जेवले. तेव्हा मात्र नर्मदाबाईंचं धाबं दणाणलं. सांबाराला नावं न ठेवणारा नवरा हे काही चांगलं लक्षण नव्हतं. रिपोर्ट आला आहे आणि त्यात काहीतरी वाईट आहे, हे त्यांना कळून चुकलं. पण विचारायचं कसं? विचारलं तर ते पुन्हा खोटं बोलणार, आणि त्यांना ते धड जमतही नव्हतं. माघात मुलीचं बाळंतपण होतं. तिला न्हाऊमाखू कोण घालणार, एवढा एकच विचार त्यांच्या मनात येई.

शुक्रवारी दुपारी त्यांनी सवयीनं डिक्शनरी खाली काढली. ती मधोमध आपोआप उघडली. आत लिफाफा होता, दवाखान्याचा.

लिफाफा एका बाजूनं फाडलेला होता. आतला कागद अर्धाच वर ओढून परत ढकललेला. घडी उलगडलीसुद्धा नव्हती. घडीवर टाइप केलेल्या शब्दाची फक्त शेवटची अक्षरं दिसत होती. ओ, एम, ए. ओमा.

ओमा त्यांना ठाऊक होतं. ओमा म्हणजे गाठ. मेडिकलच्या मुलांसाठी राव फळ्यावर ओमाची रांग लिहीत, आणि त्या रांगेतले बहुतेक शब्द माणसं नेणारे होते. नर्मदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. यांनीही एवढंच पाहिलं असणार, दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं राहून, आणि पुढे वाचायची छाती झाली नसणार. त्यांना नवऱ्याची भयंकर दया आली. रडूही आलं. त्या बराच वेळ रडल्या.

मग पदरानं डोळे पुसून त्यांनी कागद उलगडला आणि शेपटावर बोट ठेवलं. डोक्याकडून सुरुवात करायची. एल. आय. पी. आणि मधला ओ दोन्हीकडचा, दोन घरांच्या सामाईक भिंतीसारखा. तेही फळ्यावरच वाचलेलं. लिपो.

त्यांनी मान वळवून स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या तुपाच्या डब्याकडे पाहिलं.

आपल्यावर भरवसा ठेवायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी एलची पानं काढली. चरबीची गाठ, असं तिथं होतं, आणि पुढे 'बिनाइन'. बिनाइन त्यांना बीच्या पानावर सापडलं. बेने म्हणजे चांगलं. तरीही त्यांनी तो शब्द तीनदा वाचला.

त्यांना आधी हसू आलं आणि मग राग. राग का, ते त्यांना लगेच कळलं नाही. लिफाफा परत ठेवताना कळलं. नवऱ्याला घरात तो लपवायला सगळ्यांत सुरक्षित जागा ही वाटली होती.

संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. नर्मदाबाईंनी गॅसवर भात चढवला, आच बारीक केली आणि पुढच्या खोलीत येऊन मागच्या चटईवर बसल्या. राव बोलायचे थांबले.

"काय गं, काही पाहिजे का?"

"काही नाही. बसायला आले, अष्टे. एवढंच."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. रावांनी खडू खाली ठेवला. तेव्हा नर्मदाबाईच उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि खडूनं सहा अक्षरं लिहिली. वाकडीतिकडी, एक दुसऱ्यावर चढलेलं. मग शेपटावर तळहात ठेवला.

रावांचा चेहरा पांढरा पडला.

"ओमाच्या आधी काय आहे?" नर्मदाबाईंनी विचारलं.

पुढे बसलेल्या तुंगानं हात वर केला. ती मेडिकलची तयारी करत होती.

"तू थांब गं. सरांना सांगू दे."

रावांनी फळ्यावरची अक्षरं पहिल्यापासून वाचली. "लिपो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"चरबी."

"आपल्या घरातली?"

"तुपाचा डबा," राव म्हणाले, आणि खुर्चीवर मटकन बसले.

"दंडात तुपाचा गोळा आहे, अष्टे. डिक्शनरीत बिनाइन लिहिलंय. बेने म्हणजे चांगलं, अल्वा?"

सोमवारी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण त्या संध्याकाळी रावांना डॉक्टरची गरज उरली नव्हती. पोरांसमोरच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. थोड्या वेळानं त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

"तू डिक्शनरी उघडलीस?"

"तुम्ही तिथंच का ठेवलात?"

"मला वाटलं, तू तिथं कधी हात..."

"वीसबावीस वर्षं लावते आहे," नर्मदाबाई म्हणाल्या. गाठीनं नव्हतं दुखवलं, एवढं नवऱ्याच्या त्या अर्ध्या वाक्यानं दुखवलं होतं, आणि त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं.

आतून भात लागल्याचा वास येऊ लागला. नर्मदाबाई सवयीनं वळल्या.

"तू बस," राव म्हणाले.

ते उठून आत गेले. झाकण पडल्याचा आवाज झाला, मग पातेल्याचा, मग चटका बसल्याचा 'स्स'. तुंगानं तोंडावर ओढणी धरली. नर्मदाबाई मागच्या चटईवर जाऊन बसल्या होत्या. बोट तोंडात धरून राव परत आले, खडू उचलला आणि तो वाकडातिकडा शब्द न पुसता त्याच्याखाली पुढचा धडा लिहायला लागले.