अण्णांच्या संगणकाचा आवाज

काचबिंदूनं माझ्या वडिलांची, अण्णांची, नजर गेली. तेव्हापासून संगणकच त्यांना पेपर वाचून दाखवायचा. जुनी विंडोज रखडायला लागली म्हणून मी गारखेड्याच्या घरी हौसेनं ती काढून लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकली. बाकी सगळं चालू झालं, फक्त आवाज येईना.

आवाज काढणारं साउंड कार्ड संगणकाच्या मदरबोर्डातलंच होतं. सेटिंगमध्ये त्याचं नाव दिसायचं, आवाजाची पट्टीही हलायची, पण स्पीकर मुका. तोच स्पीकर मोबाइलला लावला की वाजायचा. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं तर हातच जोडले. "मॅडम, लिनक्स हमसे नहीं होता." मग इंटरनेटवर सापडतील त्या कमांड मी देत बसले. दरवेळी संगणक पुन्हा चालू केला की अण्णा विचारायचे, "आला का गं?"

"नाय अजून."

हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं.

शेवटी कळलं, की पुढच्या बाजूच्या भोकात हेडफोन लावलाय असं समजून संगणकच मागचा स्पीकर बंद करत होता. तिथं काहीच लावलेलं नव्हतं. मी ती सोय बंद केली आणि स्पीकर बोलला. मी ओरडूनच अण्णांना बोलावलं.

ते कान देऊन ऐकत राहिले. लिनक्सचा तो आवाज पत्र्यावर खरवडल्यासारखा होता, मराठी शब्द मधेच तोडत होता.

"हा कोण बोलतोय?" त्यांनी विचारलं. "मला काहीच कळंना."

विंडोजवरचा जुना आवाज या लिनक्सवर मिळत नव्हता. दुसरे आवाज शोधते, नाहीतर विंडोजच परत टाकते, असं मी म्हणाले, तर अण्णा म्हणाले, "राहू दे आता. लई झालं."

हल्ली मी कामावर निघते, तेव्हा अण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात.