हनुवटीवरचे तीन ठिपके

माझा जुना संगणक पंख्यापेक्षा जास्त घरघरायला लागला, तेव्हा घरच्यांनी अण्णा नगरातल्या दुकानातून नवा आणून दिला. दिसायला झकास, पण सीडी घालायला जागाच नाही. फोटो दुरुस्त करायचं माझं सॉफ्टवेअर सीडीवर, रीतसर विकत घेतलेलं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला तर म्हणे ती आवृत्ती नव्यावर चालत नाही, आता दरमहा पैसे भरून वापरायचं. म्हणजे घर आपलं आणि दाराशी भाडं मागायला ही मंडळी उभी! अडला हरी, गाढवाचे पाय धरी. चरफडत भरले.

घाई होती ती सासूबाईंच्या फोटोची. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला आहे. आपल्यामागे भिंतीवर कोणता फोटो लागणार, ते त्या स्वतः ठरवणार. निवडलेला फोटो चाळिशीतला, रंग उडालेला. त्यात त्या समुद्राकडे पाठ करून उभ्या आहेत, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवट ठिपके अगदी स्पष्ट. मला ते फार आवडतात.

मी सांगलीची, लग्न होऊन या तमिळ मुलखात आलेली; त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. आमची दोघींची भाषा एकच, असं फक्त लग्न जमवणाऱ्यांना वाटलं होतं. त्या 'नको'ला 'होणा' म्हणतात. लग्नानंतर मी ते 'हो ना' असं ऐकून त्यांच्या पानात भात वाढत राहिले आणि त्या बिचाऱ्या मुकाट्याने जेवत राहिल्या. शेवटी नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

तर नव्या सॉफ्टवेअरने जुन्या संगणकावरचे सगळे फोटो आत ओढून घेतले. मी सासूबाईंचा फोटो उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गोंदण गायब. काळासावळा चेहरा पीठ लावल्यासारखा पांढुरका. मी कुठेही हात लावला नव्हता.

परत फोन लावला. पलीकडचा गृहस्थ इथल्याच सिरुसेरीतल्या कंपनीच्या कचेरीतून बोलत होता. त्याने शांतपणे समजावलं की चेहऱ्यावर डाग असले, रंग दबलेला असला, तर प्रोग्राम ते आपणहून सुधारतो. सुधारतो! या गावात उन्हात उभं राहून बघावं, कोणाचा रंग कसा आहे ते. त्यात सुधारायचं काय आहे, आणि यांना नेमलं कोणी? मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये ओरडले की तो डाग नाही, ते गोंदण आहे, पच्चै.  तो म्हणाला की त्याच्या पाटीच्या, म्हणजे आजीच्या, हातावरही पच्चै आहे. मग तिचंही पुसणार का, असं मी विचारलं. त्याने सेटिंगमधल्या चौकटीतल्या दोन बरोबरच्या खुणा कुठे आहेत ते सांगितलं. एक डागांची, एक रंगाची. त्या काढल्या की सगळं पूर्वीसारखं होतं.

मी सुधारलेल्या फोटोची एक प्रत पुरावा म्हणून ठेवली आणि दोन्ही खुणा काढल्या. पण राग काही उतरेना, आणि एकटीने रागावण्यात मजा नसते. म्हणून सासूबाईंना आणून बसवलं, दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले आणि म्हटलं, "बघा अम्मा, तुम्हाला न विचारता पुसून टाकलं."

त्यांनी चष्मा लावला. पुसलेल्या हनुवटीवर बोट ठेवलं.

"गोंदतांना तरी मज कोण विचारलें?"

मग सांगितलं. त्या लहान होत्या, परकरातल्या. दोन आत्यांनी हात धरले, एकीने डोकं. किंचाळल्या म्हणून तोंडात पदर कोंबला. हनुवटी सुजली, कित्येक दिवस पेज पिऊन काढले. पुढे ज्याने त्याने त्या ठिपक्यांचं कौतुकच केलं. मीसुद्धा.

"ठिपके होणा," त्या म्हणाल्या.

आणि मी, इतकी वर्षं या घरात काढलेली, मला हवं तेच ऐकलं. हो ना, म्हणत ठिपक्यांचा फोटो छापायला लावायला निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"होणा म्हटलें मी."

मला राग आला. कोणाचा, ते सांगता येईना. आत्यांचा असेल, कंपनीचा असेल. जी गोष्ट मी भांडून वाचवली, तीच त्यांना नको होती. मी फणकाऱ्याने दुसरा, सुधारलेला फोटो पुढे केला. हाच लावू ना मग, म्हटलं.

"ही पांढरी कोण?" त्या म्हणाल्या. "रंग माझा आहे, तो परत दे. ठिपके त्यांचे होते."