मोहोरबंद रीळ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यातून गेल्या. ही एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरत नाही. परवा जावयानं मोबाइलवर एक लिलाव दाखवला. पूर्वी एखाद्या ऐपतदाराच्या घरी भिंतीवर चादर लावून सिनेमा दाखवायचं लहान यंत्र असे, त्याच्या जुन्या रिळांचा लिलाव. एक विलायतेतला बोली लावतो, दुसरा पुण्यात बसून त्याच्यावर चढवतो. जावई म्हणाला, बाबा, आधी याला कुत्रं विचारत नव्हतं, आता दर महिन्याला भाव चढून राहिले. प्रत्येक रिळाखाली लिहिलं होतं, फीत साफ, कुठं चिकटलेली नाही. तेवढं वाचून मी मोबाइल परत दिला.

मी चौथी पास. शिपाई लागलो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो, कुणाच्या वशिल्यानं नाही. म्हणून स्वतःची चूक सांगायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी पूर्व नागपुरातल्या एका ठाण्यात जमादार होतो. किरकोळ चोऱ्यांचा तपास जमादाराकडंच असे. लकडगंजातला एक लाकडाचा व्यापारी बायकोला घेऊन फिर्याद द्यायला आला. घरातलं सोनं शाबूत होतं. गेलं होतं सिनेमाचं यंत्र आणि पाच रिळं. यंत्र त्याच्या मेहुण्यानं आफ्रिकेतून आणलेलं. चार रिळं हसण्याच्या चित्रांची, विकत घेतलेली. पाचवं घरचं होतं. त्यांची एकुलती मुलगी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढताना बापानं ते स्वतः कॅमेऱ्यात घेतलं होतं. पुढं ती मुलगी नवव्या वर्षी तापानं गेली. दर रविवारी संध्याकाळी नवरा-बायको चादर लावून तेवढं रीळ बघत.

फिर्यादीत मालाची किंमत लिहावी लागते. मी रिळाची किंमत विचारली. व्यापाऱ्यानं बायकोकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "यंत्र राहू द्या त्या चोराले. मले ती एक चकती आणून द्या साहेब." मी रायटरला सांगितलं, लिही, जुनी रिळं, किंमत किरकोळ.

त्या काळी सिनेमाच्या झिजलेल्या फिती वजनावर विकल्या जात. काळ्या-पांढऱ्या फितीतून तेजाबानं चांदी निघे. हे काम करणारा इतवारीतला एक म्हातारा आमचा खबऱ्या होता. आठवड्याभरानं त्यानं निरोप पाठवला. एक माणूस बारक्या फिती घेऊन आला होता, पण फिती रंगीत, त्यातून चांदी निघत नाही, म्हणून परत पाठवला. म्हातारा म्हणाला, "जमादारसाहेब, त्याच्या केसात लाकडाचा भुसा होता."

मग फार फिरावं लागलं नाही. व्यापाऱ्याच्या आरामशीनवरचा, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवरचा, एक कारागीर महिन्यापूर्वी त्यांच्या घरी कपाटाचं दार बसवायला दोन दिवस होता. त्याला आणला. दोन दिवस तो एकच सांगत होता, मी घरी गेलो, दार बसवलं, जेवलो, निघालो. मी हात उगारला नाही, त्या रिळात कोण आहे तेवढं त्याला सांगितलं. मी काही संत नव्हतो, पण मारानं माणूस कबूल होतो, वस्तू सापडेलच असं नाही, हे मी तोवर शिकलो होतो.

बाई रोज अकराला ठाण्यात येऊन बाकावर बसत. काही विचारत नसत. तिसऱ्या दिवशी शिपाई त्याला लॉकअपमधून माझ्याकडं आणत असताना दोघं समोरासमोर आले. मला वाटलं, आता ही बाई शिव्या घालणार. त्यांनी त्याचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "जेवला काय गा तू?"

तो तिथंच फरशीवर बसला. म्हणाला, "बाई, मले काय मालूम थ्या डब्यात पोरगी हाय. मले वाटलं चांदी हाय."

आरामशीनच्या मागच्या भुशाच्या ढिगातून पंचांसमोर पोतं काढलं. यंत्र आणि पाचही रिळं. एक ओरखडा नाही. व्यापाऱ्यानं ते रीळ उजेडाकडं धरून पाहिलं आणि मान हलवली, हेच. बाई म्हणाल्या, आज एक डाव पाहू द्या, मग न्या. मी सांगितलं, आता हा मुद्देमाल आहे, कोर्ट देईल तेव्हा मिळेल. इथवर माझं बरोबरच होतं.

चूक पुढं झाली. आदल्या वर्षी एका केसमध्ये वकिलानं मला उभं-आडवं केलं होतं. पाकीट मोहोरबंद, पण आतली वस्तू बदलली नाही कशावरून, असं विचारून वर म्हणाला, जमादार किती शिकलेत? कोर्ट हसलं होतं. तो राग माझ्या पोटात होता. मी ठरवलं, डब्याला नाही, थेट रिळालाच मोहोर लावायची. चकतीच्या भोकांतून दोरा ओवला, गाठ मारली आणि मेणबत्तीवर लाख वितळवून गाठीवर सोडली.

व्यापारी पुढं आला. "जमादारसाहेब, लाख डब्याले लावा. फितीले गरमी सहन होत नाही."

मी म्हणालो, "शेठ, तुम्ही लाकूड कापा. मोहोर आमच्यावर सोडा."

तो मागं सरला. पंचांनी सह्या केल्या. रिळं मालखान्यात गेली. वर टिनाचं छप्पर, आणि नागपूरचा उन्हाळा मी सांगायला नको.

आरोपीनं गुन्हा कबूल केला, त्याला थोडी शिक्षा झाली. मुद्देमाल चोख मोहोरबंद होता म्हणून मॅजिस्ट्रेट साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. माल फिर्यादीला परत द्यायचा हुकूम झाला, तेव्हा पावसाळा लागला होता. व्यापारी सुपुर्दनाम्यावर सही करताना म्हणाला, रविवारी घरी या, तुमच्यामुळं मिळालं, आमची पोरगी पाहून जा.

मी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेलो. बाईंनी चादर लावून ठेवली होती. व्यापाऱ्यानं मोहोर फोडली, यंत्र सुरू केलं. पायऱ्या दिसल्या. लाल झग्यातली एक पोर दोन पायऱ्या चढली, मागं वळली, जीभ दाखवून हसली. आणि फीत कचकन तुटली. मालखान्याच्या गरमीत लाख भोकांतून आत उतरून वरचे थोडे सोडून सगळे वेढे एकमेकांना चिकटले होते. त्यानं नखानं सोडवून, चिकटपट्टी लावून पुन्हा सुरू केलं. एक पाऊल दिसलं, पुन्हा तुटली. प्रत्येक वेढ्याला तेच. जिथं सुटत होती तिथं रंग उखडून येत होता.

शेवटी बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या आता. जास्त फाटून राहिली." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पाहिली न तिले?"

मी म्हणालो, पाहिली.

त्यांनी मला चहा दिला. दोष दिला नाही, नवऱ्यानं सांगितलं होतं याची आठवणसुद्धा करून दिली नाही. मीही माफी मागितली नाही. जमादारानं फिर्यादीची माफी मागायची नसते असं तेव्हा वाटे. आज ते पटत नाही, पण ऐकायला कुणी राहिलं नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुठल्याही मालाला मोहोर लावण्याआधी मालकाला विचारत आलो, ही वस्तू कशी ठेवू? वरिष्ठ चिडत, मी ऐकलं नाही. वस्तू काय आहे हे कायद्याच्या आधी मालकाला ठाऊक असतं, एवढं त्या केसनं शिकवलं. पण ते शिकायला दुसऱ्याचं रीळ गेलं.

दोघंही केव्हाच वारले. घर विकलं गेलं. त्या पोरीला पायऱ्या चढताना पाहिलेला बहुतेक आता मी एकटाच. माझं वय चौऱ्याऐंशी आहे.