आबांच्या रेडिओतली खरखर

माझ्या वडिलांचे कान मी घालवले. कान तसे शाबूत होते, आजही आहेत. पण ते गेले अशी त्यांची खात्री मी करून दिली, त्यांना कानाचं मशीन बसवलं, आणि खरं काय ते कळल्यावरही गप्प बसलो. हा सगळा उद्योग मी त्यांना जगभरची स्टेशनं ऐकवायची म्हणून केला, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे हसायचं असेल त्यांना ताटकळावं लागणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर ते मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की वजन बघून मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. हमालांची हाळी, ट्रकचे हॉर्न, व्यापाऱ्यांची भांडणं, एवढ्या गलक्यात मागे उभा असलेला माणूस तोंडातल्या तोंडात काय पुटपुटला ते त्यांना ऐकू यायचं. तिखट कानाचा माणूस, अशीच बाजारात त्यांची ओळख होती.

आता ते जुईनगरला आमच्याकडे असतात. हॉलच्या खिडकीत त्यांचा सेलवर चालणारा छोटा रेडिओ. सकाळी मीडियम वेव्हवर मराठी बातम्या, मग बाजारभाव. कांद्याच्या भावाचा आता त्यांना काडीचा उपयोग नाही, पण तो ऐकल्याशिवाय चहाचा दुसरा कप घशाखाली उतरत नाही. मग खाली सोसायटीच्या बाकावर जायचं. तिथले म्हातारे वाटच बघत असतात. "काय मापाडी, कांदा काय म्हणतो?" आबा भाव सांगतात, वर स्वतःचा अंदाज सांगतात, आणि तेवढा वेळ ते पुन्हा गाळ्यावर उभे असतात.

माझं मात्र लहानपणापासूनचं एक दुखणं होतं. मला रेडिओ उघडून बघायचा होता, आणि आबांनी कधी हात लावू दिला नव्हता. पन्नाशी जवळ आल्यावर मला शोध लागला की आता रेडिओ उघडावाच लागत नाही. पेनड्राइव्हएवढी एक डबी कॉम्प्युटरला लावायची, तिला तार जोडायची, बाकी सगळं काम सॉफ्टवेअर करतं. ते सॉफ्टवेअरही लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं, फुकट. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून मी आधीच फुकटातलं लिनक्स घातलं होतं. त्यामुळे आपण तंत्रज्ञ आहोत असा माझा समज होता.

"आबा," मी जाहीर केलं, "जगातलं कुठलंही स्टेशन घरबसल्या ऐकवतो तुम्हाला."

"मला वाशीचा भाव लागला तरी बास हाय," आबा म्हणाले. तिथेच थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं.

डबी लावली. लिनक्सने तिला टीव्ही समजून मिठी मारली. या डब्या मुळात टीव्ही बघायला बनवलेल्या, त्यामुळे कॉम्प्युटर आपण होऊन टीव्हीचा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम चालू करतो आणि रेडिओच्या प्रोग्रामला डबी मिळतच नाही. त्यावर उपाय असा की त्या ड्रायव्हरचं नाव एका फाइलीत लिहून त्याला ब्लॅकलिस्ट करायचं. मी मोठ्या अभिमानाने बायकोला हे समजावलं.

"त्या यादीत अजून एक नाव बसेल का?" तिने विचारलं. "तुमचं लिहायचं होतं."

मग कळलं की लिनक्सबरोबर येतं ते रेडिओचं सॉफ्टवेअर माझ्या नव्या डबीला चालत नाही. नवं आणून स्वतः बांधून घ्यावं लागतं. आता यात लग्नातल्यासारखा मानपान असतो. एका प्रोग्रामला बोलवावं तर तो म्हणतो आधी माझ्या मेव्हण्याला आणा, मेव्हणा म्हणतो माझ्या आत्याला आणा, आणि आत्या आली की ती जुन्या आवृत्तीची निघते. शेवटी कुणीतरी लिहिलं होतं तसं मी जुनं सगळं काढून टाकायची आज्ञा दिली. कॉम्प्युटरने सभ्यपणे लांबलचक यादी दाखवली, हे हे जाईल, चालेल का? मी न वाचता 'वाय' दाबलं, येसचा वाय. त्या यादीत, तोवर जेमतेम बसवलेला रेडिओचा प्रोग्रामही होता. तोही गेला.

न वाचता 'वाय' दाबणं हा माझा स्वभावच आहे, हे पुढे येईलच.

अखेर एका रविवारी आवाज आला. एफएमवरचं हिंदी गाणं, स्वच्छ. मी ओरडून बायकोला बोलावलं. तिने कणकेच्या हातांनी येऊन ऐकलं आणि म्हणाली, "हे माझ्या मोबाइलवर लागतं."

त्यामुळे मला दूरची स्टेशनं पकडणं भाग पडलं. गॅलरीत लांब तार बांधली. दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल वाळत होते.

"अगं, ती अँटेना आहे!"

"मग ओल्या टॉवेलातून काय येतंय ते ऐका."

तारेतून येणारा सिग्नल क्षीण असतो म्हणून मी एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याला वीज द्यायला चार्जर हवा होता. प्रत्येक घरात मेलेल्या मोबाइलांच्या चार्जरांचा एक खण असतो, आमच्याही आहे. त्यातला एक पांढरा चार्जर काढून मी कपाटामागच्या प्लगमध्ये खोचला. बटण हाताला लागत नव्हतं, म्हणून ते कायम चालूच ठेवलं.

आणि स्क्रीनवर चमत्कार झाला. या प्रोग्रामांत निळा धबधबा पडत असतो आणि जिथे स्टेशन असेल तिथे पिवळी रेघ उमटते. माझ्या धबधब्यात एकाशेजारी एक, खिडकीच्या गजांसारख्या सरळ रेघा उमटल्या. इतकी स्टेशनं! ऐकल्यावर नुसती घरघर यायची, पण ती परकी भाषा असेल असं मी धरून चाललो. रेघांचे फोटो काढून इंटरनेटवरच्या रेडिओवेड्यांच्या एका मंचावर टाकले आणि विचारलं, ही कुठल्या देशाची स्टेशनं असावीत?

त्याच आठवड्यात आबा म्हणाले, "आरं, बातम्यांत पत्र्यावर पाऊस पडल्यागत वाजतंय."

"मीडियम वेव्हचं आता असंच, आबा. कोण ऐकतं हल्ली?" मी सेल बदलून दिले. फरक पडला नाही. आबा रेडिओ कानाला चिकटवून बसायचे, मग दुसऱ्या कानाला लावायचे.

"मलाही खरखरच ऐकू येते," बायको म्हणाली.

"तू किचनमधून ऐकतेस," मी तिला गप्प केलं.

त्यातच एकदा कुरियरवाला बेल वाजवून निघून गेला आणि घरात असून आबांना ऐकू आलं नाही. बेलच बंद पडली होती, हे फार नंतर कळलं. त्या दिवशी आबा म्हणाले, "रेडिओ न्हाय रं. माझं कानच गेलं म्हणायचं."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "वयोमानाने होतंच, आबा."

त्यानंतर ते बाकावर जाईनासे झाले. "भाव विचारत्यात," एवढंच म्हणाले. "काय सांगू?" घरात कुणी बोललं की नीट ऐकायच्या आधीच मान हलवायला लागले. ज्या माणसाला गाळ्यावरची कुजबुज ऐकू यायची, तो आता समोरच्याच्या ओठांकडे बघायचा.

मी त्यांना वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "वयाच्या मानाने छान आहेत की. थोडं उन्नीस-बीस. मशीन हवंच असं काही नाही, वाटल्यास आधी ट्रायल..."

"नको, देऊनच टाका," मी म्हणालो. वाय.

मशीन आबांना सोसेना. "कानात गांधीलमाशी शिरल्यागत वाटतंय," म्हणायचे. भांडी वाजली की दचकायचे. रेडिओची खरखर तर दुप्पट झाली. तरी घालत राहिले, कारण पोरानं हौसेनं आणलेलं.

एका सकाळी सोसायटीच्या मीटरांचं काम निघालं आणि लाइट गेली. पंखा थांबला. थोड्या वेळात हॉलमधून आबांची हाक आली, "आरं, इकडं या! लाइट गेली आन् माझं कान उघडलं!"

बायको आणि मी पोट धरून हसलो. "आबा, मग मेन स्विचच काढून ठेवूया," ती म्हणाली. लाइट आल्यावर आबांचे कान पुन्हा मिटले. माझ्या डोक्यात मात्र काहीही पेटलं नाही.

मंचावर उत्तर आलं तेव्हा थोडंसं पेटलं. परदेशातल्या कुणा अनुभवी माणसाने लिहिलं होतं की ही स्टेशनं नाहीत. तुमच्या घरातलं किंवा शेजाऱ्याकडचं एखादं विजेचं उपकरण ही खरखर हवेत सोडतंय. सेलवरचा छोटा रेडिओ घेऊन फिरा, तो जिथे सगळ्यात जास्त ओरडेल तिथे चोर.

त्यातला 'घरातलं' हा शब्द मला दिसलाच नाही. 'शेजारी' तेवढा दिसला. खालच्या मजल्यावर नवं फिशटँक आलं होतं, दिवे आणि मोटर असलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मेसेजही मी मनात तयार केला, 'काही सभासदांच्या हौसेमुळे ज्येष्ठ नागरिकांना होणारा त्रास' असा. आबा आंघोळीला गेल्यावर त्यांचा रेडिओ उचलला आणि चोर पकडायला जिना उतरलो.

जसजसा उतरत गेलो तसतशी खरखर कमी होत गेली. खालच्या दारापाशी रेडिओत बाई स्पष्ट बातम्या देत होत्या. खालच्या काकूंनी दार उघडलं.

"काय ओ भाऊ, मॅच हाय का?"

"नाही, सहज," मी म्हणालो. त्यांच्यामागे मासे निवांत फिरत होते.

मी वर आलो. पायरीगणिक खरखर वाढत गेली. आमच्या दारात ती मोठी झाली, हॉलमध्ये त्याहून मोठी, आणि माझ्या कपाटापाशी रेडिओ अक्षरशः किंचाळला. मी कपाटामागे हात घालून पांढरा चार्जर उपटला.

"...कांदा, उन्हाळी," रेडिओ म्हणाला, जणू मधे काही झालंच नव्हतं.

चार्जर मी पॅन्टच्या खिशात कोंबला आणि रेडिओ खिडकीत ठेवला. आबा आंघोळ करून आले, मशीन कानात घातलं, आणि जागच्या जागी उभे राहिले.

"लागलं की रं! मशीन लागलं!" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लेका, लय उपकार झालं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सवय व्हायला वेळ लागतो, आबा."

ते त्याच दिवशी बाकावर गेले. मी ऑफिसला निघालो तेव्हा खालून आवाज ऐकू येत होता, "पोरगं माझं लय हुशार! मशीन आणलं आन् कान परत आलं!" मी गेटच्या दुसऱ्या बाजूने निघून गेलो.

पुढचे काही दिवस मी धबधब्याकडे बघितलंच नाही. त्यातल्या रेघा चार्जरबरोबर गेल्या होत्या. माझी सगळी परदेशी स्टेशनं एका खिशात मावली होती. इकडे आबांचा कान मशीनने सुजला. ते खोबरेल लावायचे आणि पुन्हा मशीन घालायचे. दुपारी पडतानासुद्धा काढेनात.

"अहो आबा, निदान झोपताना तरी काढा," बायको म्हणाली.

"काढलं आन् परत गेलं तर?"

धुण्याच्या आधी खिसे तपासताना तिला चार्जर सापडला. "हा पॅन्टमध्ये काय करतोय?" मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. निदान चिडेल.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "कान माझे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांच्या आधी मी आबांच्या शेजारी जाऊन बसलो. "आबा, जरा मशीन काढता?" ते कानावर हात ठेवून मागे सरकले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ते सावकाश काढलं आणि मुठीत धरलं. कानाची पाळी लाल झाली होती. मी रेडिओ लावला. बातम्या सुरू झाल्या, अगदी स्वच्छ. आबा ऐकत राहिले. त्यांनी एकदा मुठीतल्या मशीनकडे पाहिलं, एकदा रेडिओकडे.

मी चार्जर काढून मशीनशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. तार, टॉवेल, कपाटामागचा प्लग, लाइट गेली ती सकाळ, खालचे मासे, पाठीवर ठेवलेला त्यांचा हात. आबांनी रेडिओचा आवाज बारीक केला.

शेवटचं तेवढं माझ्या तोंडातून पुटपुटल्यासारखंच निघालं. मान खाली होती, त्यामुळे ओठ काही त्यांना दिसत नव्हते.

"तुमचे कान चांगले आहेत, आबा. खरखर माझी होती. चुकलो मी. माफ करा."

"ऐकू आलं," आबा म्हणाले.